घराची ऊब कुठं राहते?

घरबांधणीच्या मासिकांतून, मोबाईलवरच्या व्हिडिओंतून आणि परदेशी राहणाऱ्या नातेवाइकांनी पाठवलेल्या फोटोंतून दुतोंडी फायरप्लेस हा प्रकार आता आपल्याही ओळखीचा झाला आहे. दिवाणखाना आणि जेवणाची खोली यांच्या मधल्या भिंतीत कोनाडा असतो, तो दोन्ही बाजूंनी उघडा असतो, आणि आतला जाळ दोन्हीकडून दिसतो. एका जाळात दोन खोल्या उबदार होणार, असा त्यामागचा हिशेब. सोलापुरात जानेवारीत भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत पहाटे अंगावरची चादर सोडवत नाही, तेव्हा हा हिशेब सोलापूरकरालाही पटण्यासारखा वाटतो. आज या दुतोंडी जाळाचाच आधार घेऊन एक मुद्दा मांडायचा आहे. घर उबदार राहतं ते त्यातल्या भिंतींमुळं, फरशीमुळं आणि छपरामुळं. जाळ फार तर त्यांना उष्णता पुरवतो. सोलापुरात तर ते पुरवण्याचं काम ऊन फुकटात करतं. आपलं घर ती उष्णता रात्रीपर्यंत सांभाळतं की नाही, एवढंच पाहायचं असतं.

आधी फायरप्लेसचं काम कसं चालतं ते पाहू. जाळाला हवा लागते. उघड्या फायरप्लेसमध्ये ती खोलीतूनच ओढली जाते, तापते आणि धुराड्यातून वर निघून जाते. तिची जागा भरायला दारा-खिडक्यांच्या फटींतून बाहेरची गार हवा आत येते. म्हणून समोर बसलेल्याचे गुडघे भाजतात आणि पाठ गारच राहते. एक किलो सुक्या लाकडात साधारण चार युनिट विजेइतकी उष्णता असते. उघड्या फायरप्लेसमधून त्यातली दहा ते वीस टक्केच खोलीच्या वाट्याला येते. म्हणजे दहा किलो लाकूड जाळलं, तर चाळीस युनिटांतली चार ते आठ युनिटं आपली, बाकीची आभाळाची. काउंट रम्फर्ड या नावानं ओळखल्या जाणाऱ्या बेंजामिन थॉम्सन या शास्त्रज्ञानं १७९० च्या दशकात हे नुकसान कमी करण्याचा मार्ग दाखवला. त्यानं कोनाडा उथळ केला, आतल्या बाजू तिरप्या केल्या आणि धुराड्याचा गळा अरुंद केला. जाळामागची वीट तापून तिची धग खोलीत फेकली जावी, हा त्यामागचा विचार. दुतोंडी फायरप्लेसमध्ये नेमकी ही मागची भिंतच नसते. शिवाय एका खोलीतून दुसरीत वारं वाहिलं, की धूर धुराड्याकडं जायचा सोडून माणसांच्या अंगावर येतो. दोन्ही तोंडांना काचेची घट्ट दारं लावली आणि जाळाला बाहेरून वेगळी हवा दिली, तर हे दोष बरेच कमी होतात. पण मग ती उघडी फायरप्लेस राहत नाही, बंद स्टोव्ह होतो.

खरी दुतोंडी ऊब देणारी भट्टी रशियात आणि ऑस्ट्रिया-जर्मनीच्या थंड भागांत शतकानुशतकं वापरात आहे, आणि तिच्यात जाळ जवळजवळ दिसतच नाही. घराच्या मधोमध विटांची भलीमोठी भट्टी बांधतात, तिच्या बाजू दोन किंवा तीन खोल्यांत उघड्या पडतात. आतला धूर विटांच्या वेड्यावाकड्या वाटांनी फिरवून मग धुराड्यात सोडतात. सकाळी तास-दोन तास जोराचा जाळ करायचा आणि मग तो विझू द्यायचा. विटा तोवर तापलेल्या असतात, त्या पुढचे दहा-बारा तास या खोल्यांना हळूहळू ऊब देत राहतात. लाकूड तेच, पण आधी विटांनी उष्णता घेतली आणि मग खोलीला दिली, एवढ्यानं सगळा फरक पडला.

हा फरक केवढा असतो, ते एका साध्या गणितानं कळतं. दहा फूट बाय बारा फूट खोली घ्या, उंची दहा फूट. तिच्यातल्या सगळ्या हवेचं वजन भरेल चाळीस किलोच्या आसपास. आता त्या खोलीची बारा फूट लांबीची एकच भिंत घ्या, दीड फूट जाडीची, मातीची. तिचं वजन नऊ टनांच्या घरात जातं. ती भिंत एक अंशानं तापायला जेवढी उष्णता लागते, ती त्या खोलीतल्या हवेला लागणाऱ्या उष्णतेच्या जवळजवळ दोनशे पट असते. हवा चटकन तापते आणि दार उघडलं की चटकन निघूनही जाते. भिंत सावकाश तापते, पण तिनं घेतलेली उष्णता तासन् तास पुरते. जी खोली फक्त हवा तापवून उबदार ठेवायची, तिथं हीटर बंद होताच गारवा परततो, तो यामुळंच.

आता सोलापूरच्या हवेकडं वळू. डिसेंबर-जानेवारीत इथं दुपारी पारा तीस अंशांच्या आसपास जातो आणि पहाटे पंधराच्या आसपास उतरतो; कडाक्याच्या दिवशी आणखी खाली. म्हणजे चोवीस तासांची सरासरी बावीस-तेवीस अंश. माणसाच्या शरीराला याहून सुखाचं तापमान शोधून सापडणार नाही. दुपारची जादा उष्णता बाजूला ठेवून ती पहाटे वापरता आली, की थंडीचा प्रश्न तिथंच मिटला. लंडनला किंवा सिमल्याला हा उपाय चालत नाही, कारण तिथं हिवाळ्यात दिवसाची सरासरीच गार असते. आपल्या महाबळेश्वरचंही काहीसं तसंच आहे. साडेतेराशे मीटरच्या आसपास उंची, ढगांत बुडालेला पावसाळा आणि पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. तिथल्या ब्रिटिशकालीन बंगल्यांतल्या फायरप्लेसना थंडीइतकंच ओलाव्याशीही झगडायचं होतं. त्या हवेत जाळाला काम होतं. सोलापूरच्या कोरड्या, लख्ख उन्हाच्या हिवाळ्यात ते काम आधीच झालेलं असतं.

आणि इथल्या जुन्या गवंड्यांना हे कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. मंगळवेढा, सांगोला, करमाळा, बार्शी या भागांत आणि पलीकडं मराठवाड्यात जी माळवदाची घरं आजही काही ठिकाणी उभी आहेत, ती याच गणितावर उभी आहेत. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती. आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या किंवा झाडाच्या फांद्या आणि तुराट्या, त्यावर पाला, आणि सगळ्यात वर फूटभर किंवा त्याहून जाड पांढऱ्या मातीचा थर. शेतातली काळी माती इथं चालत नाही. ती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. पांढरी माती चोपून बसवता येते आणि थोडा पाऊस ती वरच्या वर जिरवते. दर वर्षी मृगाच्या आधी माळवदावरचं गवत उपटायचं, नवी माती टाकून चोपायची, पाणी पन्हाळीकडं उतरेल एवढा ढाळ द्यायचा. छपरात एक झरोका असतो, त्याला सानं म्हणतात. उजेड आत येतो आणि चुलीचा धूर बाहेर जातो. पाऊस आला की त्यावर झाकण. वर्षाला जेमतेम सहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखातच असं छप्पर टिकतं. कोकणात ते एका पावसात खाली येईल.

जाड माती उष्णतेला अडवते आणि उशीरही लावते. दुपारी दोन वाजता माळवदाच्या वरच्या बाजूला पोचलेली धग आतल्या बाजूला उतरेपर्यंत दहा-बारा तास जातात, आणि तोवर ती पुष्कळ विरलेली असते. हिवाळ्यात म्हणजे दुपारचं ऊन मध्यरात्रीनंतर घरात पोचतं, अगदी गरजेच्या वेळी. उन्हाळ्यात त्याच उशिरामुळं भर दुपारी घर थंड लागतं. आजचा पाच इंची आरसीसी स्लॅब हाच प्रवास तीन-चार तासांत उरकतो. दुपारची धग संध्याकाळी सहाला पंख्यावाटे आपल्या डोक्यावर ओतली जाते, आणि हिवाळ्यात तोच स्लॅब पहाटेपर्यंत आभाळाकडं सगळी उष्णता टाकून मोकळा होतो. पत्र्याची तर गोष्टच सोडा. तो दुपारी तव्यासारखा आणि पहाटे बर्फासारखा. एकाच गल्लीत माळवद, स्लॅब आणि पत्रा अशी तीन घरं असली, तर त्यांच्यावरचं ऊन एकच असतं, पण आतले तिन्ही हिवाळे वेगवेगळे असतात.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की जुन्या घरांत ऊब भिंतीची कुठली, ती तर चुलीची होती. यात तथ्य आहे. मातीची चूल आणि तिला जोडलेली वैल हा आपला एका जाळात दोन कामं करण्याचा प्रकार होताच. चुलीवर भाकरी, आणि उरलेल्या धगीवर वैलीत आमटी किंवा दूध. चुलीमागची भिंतही तापायची आणि तिथं मांजर नि म्हातारी माणसं बसायची. पण चूल स्वयंपाकासाठी पेटायची आणि स्वयंपाकानंतर विझायची. साध्या मातीच्या चुलीत जळणाची बरीचशी उष्णता धुराबरोबर वाया जाते, आणि तो धूर बायकांच्या डोळ्यांनी आणि छातीनं सोसला. सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८० च्या दशकात सुरू झाला, ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या पुण्याच्या ‘आरती’सारख्या संस्थांनी धुराड्याच्या आणि कमी जळणाच्या चुली बनवल्या, २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गॅस खेड्यापाड्यांत गेला. हे सगळं धूर हटवण्यासाठी झालं. तोच धूर शोभेसाठी दिवाणखान्यात परत आणण्यात शहाणपण नाही. आणि ज्यांच्याकडं धुराडंही नाही, त्यांनी बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपणं तर जिवावर बेतणारं आहे. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपेतल्या माणसाला तो उठू देत नाही. हुरड्याची आगटी शेतात, मोकळ्या आभाळाखाली असते, हेच बरं आहे.

जळणाचाही हिशेब पाहा. रोज रात्री दहा किलो लाकूड आणि थंडीचे आठ आठवडे धरले, तर एका घराला साडेपाचशे किलो लाकूड लागेल. सोलापूर जिल्हा जंगलांचा नाही, माळरानांचा आहे; नान्नजच्या अभयारण्यात माळढोक राहत आला तो गवत आणि मोकळा माळ होता म्हणून. इथं जळण म्हणजे वेड्या बाभळी, तुराट्या, धसकटं आणि शेणी. वेडी बाभूळ तोडायला कुणाची हरकत नसेल, पण तेवढ्यावर शहरातल्या बंगल्यांनी रोजची धुनी पेटवायची म्हटलं, तर शेजारच्या खिडक्यांचाही विचार करावा लागेल.

दुसरा आक्षेप फार गंभीर आहे आणि त्याला वरवरचं उत्तर देऊन चालणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीला भूकंप झाला. आदल्या रात्री गणपतीचं विसर्जन झालं होतं, लोक दमून झोपले होते. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली, आणि त्यांतली बहुतेक याच जाड भिंतींखाली आणि याच जड छपरांखाली गेली. मग त्या घरांचं गुणगान कशासाठी, असं कुणी विचारलं तर ते रास्तच आहे. भूकंपानंतर तपासणी झाली तेव्हा दोष नेमका दिसून आला. त्या भिंती बाहेरून एक दिसत असल्या, तरी आतून दोन वेगळ्या भिंती होत्या. मध्ये दगडगोटे आणि माती भरलेली. दोन्ही बाजूंना आरपार धरून ठेवणारे लांब दगड बहुतेक ठिकाणी घातलेले नव्हते. हादऱ्यानं भिंत मधून फुगली, उभी उकलली आणि वरची फूट-दोन फूट माती तुळयांसकट खाली आली. गळती थांबवण्यासाठी दर वर्षी नवी माती टाकत गेल्यानं काही छपरांचं वजन पिढ्यान् पिढ्या वाढतच गेलं होतं. भारतीय मानक ब्युरोनं त्याच वर्षी अशा दगडी आणि मातीच्या घरांसाठी मार्गदर्शक मानकं काढली. आरपार दगड घाला, दारांच्या वरून सलग पट्टा फिरवा, छपराचं ओझं कमी करा, लाकडी सांगाड्याचे सांधे तिरप्या आधारांनी बांधा. म्हणजे जाडी घातक नव्हती. न बांधलेली जाडी घातक होती. पण या धड्याचा दुसरा अर्धा भागही मान्य करायला हवा. डोक्यावर कित्येक टन माती ठेवून आज कुणी घर बांधू नये. वजन भिंतीत आणि जमिनीत ठेवावं, छपरावर उष्णता अडवणारा हलका थर घालावा.

तिसरा आक्षेप उन्हाळ्याचा. मे महिन्यात दुपारी पारा चाळीशी ओलांडतो आणि रात्रीही पंचविसाच्या आसपासच राहतो. सरासरी होते तेहतीस. ही सरासरी काढून देणारं घर रात्री गारवा कुठून आणणार? ते आणत नाही, हे खरं. जाड भिंतीचं घर मे महिन्याच्या रात्री उकडतं, आणि म्हणूनच लोक संध्याकाळी पाणी शिंपडून माळवदावर अंथरुणं टाकत. दुपार घरात आणि रात्र आभाळाखाली, अशी ती वाटणी होती. आज गच्चीवर झोपणं सगळ्यांना जमत नाही. त्यावरचा उपाय असा, की भिंत दिवसा तापूच द्यायची नाही आणि रात्री तिला धुऊन काढायचं. पश्चिमेच्या भिंतीला सावली हवी, छपराला पांढरा रंग हवा, आणि रात्री समोरासमोरच्या खिडक्या उघडून वारं आरपार जाऊ द्यायला हवं. पांढरा रंग हिवाळ्यातलं ऊनही परतवतो, असं कुणी म्हणेल. परतवतोच. पण सोलापुरात उकाड्याचे महिने चार आणि बोचऱ्या थंडीचे आठवडे आठ. शिवाय हिवाळ्याचं ऊन घरात घ्यायला छपराहून चांगली वाट आहे, ती म्हणजे दक्षिणेची खिडकी.

या खिडकीचं गणित ज्यानं त्यानं घरी करून पाहावं. सोलापूर विषुववृत्ताच्या उत्तरेला पावणेअठरा अंशांवर आहे. त्यामुळं मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य भर दुपारी डोक्यावर येतो आणि दक्षिणेच्या भिंतीला जवळजवळ शिवतच नाही. डिसेंबरच्या अखेरीस तोच सूर्य भर दुपारी फक्त एकोणपन्नास अंशांवर असतो. दक्षिणेच्या खिडकीच्या अगदी वर दोन फुटांचा छज्जा काढला, तर त्याची सावली त्या दिवशी सव्वादोन फूट खाली उतरते. खिडकी साडेचार फूट उंच असली, की तिच्या खालच्या अर्ध्या भागातून ऊन सरळ आतल्या फरशीवर पडतं. उन्हात आलेल्या काचेच्या एका चौरस मीटरमधून भर दुपारी पाचशे वॅटच्या आसपास उष्णता आत येते. एक लहान रूम हीटर चालू ठेवावा एवढी. खाली शहाबादी फरशी असेल आणि ती जाड गालिच्याखाली दडवलेली नसेल, तर ती हे ऊन पिऊन घेते आणि रात्री परत देते. त्या विटांच्या भट्टीत विटा जे करतात, ते इथं फरशी करते, आणि उन्हाळ्यात तोच छज्जा ऊन बाहेर ठेवतो.

जाड भिंतीला पैसे लागतात आणि जागा जाते, हा आक्षेप उरतो. पण चारही भिंती दीड फुटी करायची गरज नाही. पश्चिमेची आणि दक्षिणेची जाड, बाकीच्या नेहमीसारख्या, आणि छपरावर विटांच्या तुकड्यांचा कोबा व त्यावर पांढरं फिनिशिंग, एवढ्यानंही पुष्कळ साधतं. उष्णता अडवणारा थर भिंतीच्या किंवा स्लॅबच्या बाहेरून असावा. आतून लावला तर साठा करणारी वीटच खोलीपासून तुटते. फ्लॅटमध्ये किंवा भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना भिंत बदलता येत नाही, पण पडदे त्यांच्या हातात आहेत. थंडीत दक्षिणेचे पडदे दहा ते चार उघडे ठेवून मावळतीला बंद करावेत, उन्हाळ्यात याच्या उलट. आणि या शहराकडं तर थंडीवरचा सगळ्यात स्वस्त उपाय मागावर विणलेलाच आहे. झोपलेला माणूस स्वतःच सत्तर-ऐंशी वॅट उष्णता बाहेर टाकत असतो. सगळी खोली तापवण्यापेक्षा ती उष्णता अंगाशी धरणं केव्हाही सोपं, आणि जाडजूड सोलापुरी चादर नेमकं तेच करते.

मग दुतोंडी फायरप्लेस बसवायचीच नाही का? हौस म्हणून खुशाल बसवावी. धुराडं नीट असावं, दोन्हीकडं काचेची दारं असावीत, आणि ती घर तापवेल अशी अपेक्षा ठेवू नये. मात्र घराचा नकाशा मंजुरीला जाण्याआधी आर्किटेक्टला तीन प्रश्न जरूर विचारावेत. दक्षिणेच्या खिडकीवर छज्जा किती फुटांचा आहे? पश्चिमेच्या भिंतीची जाडी किती आणि तिला सावली कशाची? स्लॅबच्या वर काय घालणार? या तिन्हींची उत्तरं समाधानकारक असली, तर जानेवारीतल्या पहाटे हीटरही लागणार नाही आणि फायरप्लेसही. ती नसली, तर दोन तोंडांचा जाळ पेटवूनही घर गारच राहील आणि खर्च मात्र दर हिवाळ्याला करावा लागेल.